संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान : कोणती पुस्तके निवडावीत आणि कोणत्या क्रमाने वाचावीत?

अर्धविराम (मूळ लेखन)

प्रोग्रॅमिंग, संगणकशास्त्र आणि तत्त्वज्ञान या तीन विषयांत गोडी असणाऱ्याला पुस्तकांचा तुटवडा कधीच भासत नाही. अडचण असते ती निवडीची. ‘प्रत्येकाने वाचलीच पाहिजेत’ अशा पुस्तकांच्या याद्या मागाल तितक्या मिळतात, पण त्यांत एक मूलभूत घोळ असतो. ज्या पुस्तकाचा उपयोग सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती येईपर्यंतच आहे, जे पुस्तक वही आणि संगणक जवळ घेऊन महिनोन्महिने सोडवायचे आहे आणि जे पुस्तक केवळ त्यातला युक्तिवाद नीट कळावा म्हणून दोनदा वाचायचे आहे, ही तिन्ही एकाच मापाने एकाखाली एक मांडलेली असतात. मग यादीबरहुकूम पुस्तके गोळा होतात, प्रत्येकाची पहिली चाळीस-पन्नास पाने वाचून होतात आणि पुढे कपाटाची शोभा तेवढी वाढते. म्हणून याद्यांपेक्षा निवडीच्या निकषांवर इथे चर्चा व्हावी, अशी इच्छा आहे.

माझा पहिला निकष आयुर्मानाचा आहे. एखाद्या विशिष्ट फ्रेमवर्कवरचे जाडजूड पुस्तक घेण्याऐवजी त्याचे अधिकृत दस्तऐवज वाचणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. याला सन्माननीय अपवाद आहेत. कर्निगन आणि रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ १९७८ साली आले, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ साली आली आणि ती तीनशे पानांच्या आत संपते. भाषा आटोपशीर, लेखकांपैकी एक तिचा जनक आणि एकही शब्द फुकट घालवायचा नाही ही शिस्त, यांमुळे ते पुस्तक हत्याराबद्दलचे असूनही टिकले. अशी पुस्तके मोजकीच.

दुसरा निकष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पुस्तक विषयानुसार न निवडता प्रश्नानुसार निवडावे, आणि शक्य असेल तिथे एकाच प्रश्नावरचे एक पुस्तक संगणकशास्त्रातले आणि एक तत्त्वज्ञानातले असे जोडीने वाचावे. हे बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण जरा विस्ताराने देतो.

एबल्सन आणि सस्मन यांचे ‘स्ट्रक्चर अँड इंटरप्रिटेशन ऑफ कंप्युटर प्रोग्रॅम्स’ हे पुस्तक (पहिली आवृत्ती १९८५, दुसरी १९९६) अनेकांनी नावाने ऐकलेले असते. त्याच्या पहिल्या दोन प्रकरणांत लेखक असाइनमेंट, म्हणजे चलाचे मूल्य बदलण्याची सोय, जाणूनबुजून वापरतच नाहीत. तोवर कोणत्याही पदावलीच्या जागी तिची किंमत ठेवत ठेवत प्रोग्रॅमचा अर्थ लावता येतो. तिसऱ्या प्रकरणात ही सोय येते आणि तिच्यासोबत बँकखात्याचे एक साधे दिसणारे उदाहरण येते. पीटर आणि पॉल यांची प्रत्येकी १०० शिल्लक असलेली दोन स्वतंत्र खाती, ही एक परिस्थिती. १०० शिल्लक असलेले एकच खाते दोघांच्या नावे, ही दुसरी. नुसती शिल्लक विचारली तर दोन्हींत काहीही फरक दिसत नाही. फरक कळतो तो पीटरने पैसे काढल्यानंतर पॉलची शिल्लक घटली की नाही ते पाहून. म्हणजे दोन वस्तू ‘एकच’ आहेत की नाहीत हे ठरवण्यासाठी त्यांतली एक बदलून पाहावी लागते. आणि एखादी वस्तू ‘बदलली’ असे म्हणण्यासाठी बदलाच्या आधीची आणि नंतरची वस्तू एकच होती हे अगोदरच मानावे लागते. लेखक हे वर्तुळ लपवत नाहीत, उलट त्यावर बोट ठेवतात. त्या प्रकरणाच्या शिरोभागी हेराक्लायटस या ग्रीक तत्त्वज्ञाचे बदलाबद्दलचे वचन आहे, ते सजावटीसाठी दिलेले नाही.

याच टप्प्यावर तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या मानवी आकलनावरील निबंधातले एकात्मतेवरचे प्रकरण (दुसरा भाग, सत्ताविसावे प्रकरण, हे त्याने १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत नव्याने घातले) काढून वाचावे. ओकचे रोपटे वाढून प्रचंड वृक्ष झाले तर ते ‘तेच’ आहे का? द्रव्याचा गोळा म्हणून नाही, झाड म्हणून आहे, असे लॉकचे उत्तर. एकात्मता ही वस्तूला आपण कोणत्या कल्पनेखाली पाहतो यावर ठरते. डेटाबेसाची रचना करणारा प्रत्येक जण हा निर्णय रोज घेतो: ग्राहकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी सगळे बदलले तरी तो ‘तोच’ ग्राहक राहतो, कारण आपण त्याची ओळख एका क्रमांकाला बांधलेली असते, पण दोन तारखा मात्र मूल्य सारखे असले की आपण एकच मानतो. आणि ज्यांना हा जोड ओढूनताणून आणलेला वाटेल त्यांनी एबल्सन-सस्मन यांच्या पहिल्या प्रकरणाचा आरंभ पाहावा. तिथे लॉकच्या त्याच ग्रंथातला उतारा दिलेला आहे: साध्या कल्पना एकत्र जोडणे, दोन कल्पना शेजारी ठेवून पाहणे आणि सोबतच्या इतर कल्पनांपासून एखादी वेगळी काढणे, या मनाच्या तीन क्रियांबद्दलचा.

आपापल्या निकषांबद्दल आणि अशा जोड्यांबद्दल सर्वांनी लिहावे.

कोरी_पाटी

लेख आवडला, पण थोडी धास्तीही वाटली. मी अलीकडेच पायथन शिकलो आहे, गणिताची पार्श्वभूमी बारावीपुरती आहे आणि तत्त्वज्ञानाचे एकही पुस्तक आजवर पूर्ण वाचलेले नाही. आपण सांगितलेल्या पुस्तकात सुरुवातीलाच वर्गमूळ काढण्याच्या पद्धती आणि पुढे अवकलन वगैरे येते असे चाळताना दिसले. माझ्यासारख्याने आरंभ कुठून करावा?

पूर्वपक्ष

मूळ लेखनातील पहिल्या निकषाशी सहमत, दुसऱ्याशी नाही. लॉक वाचून कोणाला पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता धरून ठेवणारे चल, समजत नाही. पॉइंटर समजलेल्याला लॉक रंजक वाटतो, इतकेच. नवशिक्याला जोड्या लावून दिल्या की त्याला दोन्हीकडची वाक्ये पाठ होतात आणि संगणक मात्र बंद डबाच राहतो. संगणकशास्त्राची पुस्तके आधी संगणकशास्त्रासाठी वाचावीत.

कोरी_पाटी, तुमच्यासाठी माझे उत्तर चार्ल्स पेट्झोल्ड यांचे ‘कोड’ हे आहे. रात्री दोन मित्र आपापल्या खोल्यांतून टॉर्चच्या उघडझापीने एकमेकांशी बोलू पाहतात इथून पुस्तक सुरू होते आणि मॉर्स, ब्रेल, तारायंत्रातला रिले, रिलेपासून तर्कद्वारे (लॉजिक गेट), त्यांपासून बेरीज करणारे मंडल (सर्किट), मग स्मृती, असे करत करत शेवटी प्रोसेसर उभा राहतो. एकही पायरी ‘हे असेच असते’ म्हणून सोडलेली नाही. त्यापाठोपाठ नोआम निसान आणि शिमोन शॉकेन यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ कंप्युटिंग सिस्टिम्स’ घ्यावे. पेट्झोल्ड समजावून देतात ते इथे स्वतः बांधायचे असते: ‘नँड’ या एकाच तर्कद्वारापासून आरंभ करून प्रोसेसर, असेंब्लर, कंपायलर आणि साधी ऑपरेटिंग सिस्टिम इथपर्यंतचे बारा प्रकल्प. लागणारे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि गणित जवळजवळ लागत नाही.

अल्गोरिदमसाठी कॉर्मेन आणि सहकाऱ्यांचे ‘इंट्रोडक्शन टू अल्गोरिदम्स’ (१९९०, चौथी आवृत्ती २०२२) सर्वत्र सुचवले जाते. ते हजाराहून अधिक पानांचे संदर्भपुस्तक आहे आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा संकल्प हा ते न वाचण्याचा खात्रीचा मार्ग आहे. वाढीचे मापन, विभाजन करून सोडवणे, सॉर्टिंग, हॅशिंग, ग्राफवरचा फेरफटका आणि डायनॅमिक प्रोग्रॅमिंग इतकी प्रकरणे स्वाध्यायांसह केली तरी पुष्कळ झाले.

डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कंप्युटर प्रोग्रॅमिंग’बद्दल (पहिला खंड १९६८, आणि काम अजून चालूच) वेगळे लिहायला हवे, कारण पुस्तक कसे वाचावे याचा धडाच त्यात आहे. प्रत्येक स्वाध्यायाला ० ते ५० यांमधला एक अंक दिलेला असतो. १० म्हणजे मिनिटाभराचा विचार, ३० म्हणजे तासन् तासांचे काम, ४० म्हणजे सत्रभराचा प्रकल्प आणि ५० म्हणजे लेखकाच्या माहितीप्रमाणे अजून कोणालाही न सुटलेला प्रश्न. सुरुवातीच्या आवृत्त्यांत फर्माच्या अंतिम प्रमेयाला ५० अंक होता. अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता आल्यानंतर तो ४५ वर आणला गेला. ही थट्टा बाजूला ठेवली तरी त्यातले मर्म असे की लेखक तुम्हाला आधीच सांगून ठेवतो की कुठे थांबणे लाजिरवाणे नाही. २० च्या आतले स्वाध्याय सुटत नसतील तर ते प्रकरण वाचून झालेले नाही, मग पाने कितीही उलटलेली असोत.

रिकामा_रकाना

पूर्वपक्ष यांनी संगणकशास्त्राची बाजू भक्कम मांडली आहे, पण तत्त्वज्ञान हे मागाहून चाखायचे लोणचे असल्यासारखे त्यांनी ते बाजूला सारले, ते काही पटले नाही. तत्त्वज्ञानाच्या वाचनात नवख्या वाचकाची फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. तो ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ छापाचे एक मोठे पुस्तक हाती घेतो आणि थेल्सपासून पुढे कोण काय म्हणाले याची जंत्री वाचत राहतो. कोणी काय म्हटले हे त्याला कळते, का म्हटले हे कळत नाही. आणि तत्त्वज्ञानात ‘का’ वगळल्यावर फारसे काही उरत नाही. म्हणून इतिहासाऐवजी छोटे मूळ ग्रंथ घ्यावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सर्वांत आधी बर्ट्रंड रसेल यांचे ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ (१९१२). पंधरा छोटी प्रकरणे, समोरच्या टेबलापासून सुरुवात: त्याचा रंग कोणता, आकार कोणता, आणि आपल्याला दिसते त्यापलीकडे टेबल म्हणून काही आहे हे कशावरून? नंतर प्लेटोचे ‘युथिफ्रो’ आणि ‘मेनो’ हे संवाद. ‘युथिफ्रो’मध्ये सॉक्रेटिस व्याख्या मागतो, युथिफ्रो उदाहरणे देतो, आणि सॉक्रेटिस म्हणतो की मला उदाहरणे नकोत, ज्यामुळे ही सगळी उदाहरणे एका वर्गात पडतात ते सांग. ग्राहकाकडून सॉफ्टवेअरची गरज समजून घेण्याच्या बैठकीत ज्याने कधी भाग घेतला असेल त्याला हा संवाद परका वाटणार नाही. ‘मेनो’मध्ये भूमितीचा गंध नसलेल्या मुलाकडून केवळ प्रश्न विचारून दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढवून घेतला जातो. मुलगा आधी बाजू दुप्पट करतो, क्षेत्रफळ चौपट होते. मग दीडपट करतो, तेही चुकते. आणि शेवटी कर्णावर येतो.

वाचण्याची पद्धत सांगतो. प्रत्येक बैठकीनंतर लेखकाचा निष्कर्ष एका ओळीत आणि त्याची गृहीतके त्याखाली लिहून काढावीत, आणि मग कोणते गृहीतक आपल्याला मान्य नाही ते ठरवावे. एकही अमान्य नसेल आणि तरीही निष्कर्ष खटकत असेल, तर गृहीतक लिहायचे राहून गेले आहे असे समजावे.

जोडीच्या कल्पनेला माझा पाठिंबा आहे, पण मी ती साखळीच्या रूपात सुचवीन, आणि तिच्यात जाड पुस्तक एकही नाही. देकार्तच्या १६३७ सालच्या ‘पद्धतीवरील प्रवचना’चा पाचवा भाग: हुबेहूब माणसासारखे यंत्र केले तरी ते यंत्र आहे हे ओळखण्याच्या दोन कसोट्या तो देतो, आणि त्यांतली पहिली अशी की समोरचा जे जे बोलेल त्याला प्रसंगानुरूप अर्थपूर्ण उत्तर यंत्राला देता येणार नाही. त्यानंतर ॲलन ट्युरिंग यांचा १९५० सालचा निबंध, जो ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्याच नियतकालिकात छापला गेला. देकार्तने जिथे दार बंद केले नेमके तिथून ट्युरिंग आत शिरतात. अनुकरणाचा खेळ (लेखी उत्तरांवरून समोर माणूस आहे की यंत्र ते ओळखायचे) सगळ्यांना ऐकून माहीत असतो. निबंधाचा मोठा भाग मात्र नऊ आक्षेपांना दिलेल्या उत्तरांचा आहे, हे तो वाचल्याशिवाय कळत नाही. त्यांत लेडी लव्हलेस यांचा ‘यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करत नाही’ हा आक्षेप आहे आणि चक्क अतींद्रिय ज्ञानावर आधारलेला एक आक्षेपही आहे, जो ट्युरिंग यांनी आजच्या वाचकाला अवघडल्यासारखे व्हावे इतक्या गांभीर्याने घेतला आहे. शेवटी जॉन सर्ल यांचा १९८० सालचा ‘चिनी खोली’चा निबंध: नियमपुस्तक पाहून चिनी चिन्हांची अचूक देवाणघेवाण करणाऱ्या माणसाला चिनी येते का? तिन्ही लागोपाठ वाचावेत, आणि सर्ल यांच्या निबंधासोबतच छापलेले इतरांचे आक्षेप व त्यांवरची सर्ल यांची उत्तरेही सोडू नयेत.

अर्धविराम

पूर्वपक्ष यांच्या आक्षेपाचा अर्धा भाग मान्य आहे: ज्याने प्रोग्रॅम लिहून तो मोडलेला पाहिलेला नाही त्याने जोड्यांच्या भानगडीत पडू नये. पण जोडी केवळ रंजनासाठी असते हे मान्य नाही. रसेल यांच्या ज्या पुस्तकाचा उल्लेख वर झाला, त्याच्या सहाव्या प्रकरणात, म्हणजे विगामी अनुमानावरच्या (इंडक्शनवरच्या) प्रकरणात, रोज दाणे टाकणाऱ्या हाताची सवय झालेली कोंबडी आहे. एक दिवस तोच हात तिची मान पिरगाळतो. ह्यूम यांनी १७४८ साली मांडलेला प्रश्नच रसेल इथे सोपा करून सांगतात: आजवर असे घडले म्हणून उद्याही असेच घडेल, हे कशाच्या आधारावर? आता संगणकशास्त्रज्ञ डायकस्ट्रा यांचे प्रसिद्ध मत आठवा, की टेस्टिंगने बग असल्याचे दाखवता येते, नसल्याचे कधीच दाखवता येत नाही. आणि त्यांच्या शेजारी विज्ञानाचे तत्त्वज्ञ पॉपर (मूळ जर्मन ग्रंथ १९३४): सिद्धान्ताची परीक्षा म्हणजे त्याला खोटे पाडण्याचा प्रामाणिक प्रयत्न. हे तिघे एकत्र वाचलेला माणूस टेस्ट लिहिताना ‘हे चालते का’ असे न विचारता ‘हे कुठे मोडेल’ असे विचारू लागतो. लिहिलेल्या टेस्टच बदलत असतील तर त्याला रंजन कसे म्हणावे?

फ्रेड ब्रुक्स यांच्याबाबतही तेच. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ (१९७५) बहुतेकांना ‘उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसे वाढवली की आणखी उशीर होतो’ एवढ्यापुरते माहीत असते. त्याच्या १९९५ च्या आवृत्तीत त्यांचा १९८६ चा ‘नो सिल्व्हर बुलेट’ हा निबंध आहे. सॉफ्टवेअरमधली गुंतागुंत तत्त्वतःच अटळ किती आणि आनुषंगिक किती, हा त्यातला भेद ॲरिस्टॉटलला अनुसरून केल्याचे ब्रुक्स स्वतःच नमूद करतात.

पूर्वपक्ष

टेस्टिंगची जोडी मान्य. मात्र ती तिथेच सोडली तर ‘मग सिद्धता द्या, प्रश्न मिटला’ असा गैरसमज होईल, म्हणून पुढचे दोन लेख सुचवतो. टोनी होर यांनी १९६९ साली प्रोग्रॅमच्या बरोबरपणाची सिद्धता गणितासारखी देण्याची पद्धत मांडली. तत्त्वज्ञ जेम्स फेट्झर यांनी १९८८ साली, होर यांचा लेख आला होता त्याच नियतकालिकात, आक्षेप घेतला की सिद्धता देता येते ती अमूर्त रचनेची. प्रत्यक्ष यंत्र ही भौतिक वस्तू आहे आणि तिच्याबद्दलचे विधान अनुभवानेच तपासावे लागते. त्यावर संतप्त पत्रांचा खच पडला. दोन्ही लेख वाचावेत आणि आपण कोणाच्या बाजूने आहोत हे ठरवण्याची घाई करू नये.

‘ग्योडेल, एशर, बाख’चा विषय कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. डग्लस हॉफस्टॅटर यांचे १९७९ चे हे पुस्तक बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, कारण त्याकडे ते कादंबरीसारखे पाहतात. त्याच्या पहिल्याच प्रकरणात एक कोडे आहे. ‘एमआय’ या अक्षरजोडीपासून सुरुवात करायची. शेवटी आय असेल तर पुढे यू जोडता येतो. एमनंतरचा सगळा भाग दुप्पट करता येतो. लागोपाठ तीन आय आले तर त्यांच्या जागी यू ठेवता येतो. लागोपाठ दोन यू आले तर ते गाळता येतात. या नियमांनी ‘एमयू’ मिळवायचे. तासभर कागद भरल्यावरही ते मिळत नाही. मग लक्षात येते की आय किती आहेत ते मोजावे: सुरुवातीला एक, आणि पुढे ती संख्या बदललीच तर एक तर दुप्पट होते, नाही तर तीनने घटते. तीनने भाग न जाणाऱ्या संख्येची दुप्पट केली किंवा तिच्यातून तीन वजा केले तरी तिला तीनने भाग जात नाही, आणि ‘एमयू’मध्ये तर आय शून्य हवेत. कोडे अशक्य आहे, आणि हे नियम पाळत बसून कधीच कळले नसते. लूप इन्व्हेरियंट (लूपच्या प्रत्येक फेरीनंतरही खरे राहणारे विधान) म्हणजे काय हे ज्यांना पाठ्यपुस्तकातून उमगत नाही त्यांनी हे कोडे कागदावर करावे. ज्यांना यात मौज वाटली नाही त्यांनी पुस्तक तिथेच ठेवून नेगेल आणि न्यूमन यांचे, ग्योडेल या तर्कशास्त्रज्ञाच्या सिद्धतेवरचे, ‘ग्योडेल्स प्रूफ’ (१९५८) घ्यावे. ते फार लहान आहे आणि सरळ मुद्द्याचे बोलते.

उपसूत्र

आतापर्यंतच्या चर्चेत एका छोट्या ग्रंथाचे नाव आले नाही, याचे आश्चर्य वाटते. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्रात पहिले पाऊल टाकणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे, त्यावर त्याचीच ‘दीपिका’ नावाची टीका आहे, आणि मूळ ग्रंथ इतका आटोपशीर की एका बैठकीत नुसता वाचून होतो. समजायला अर्थातच बैठका लागतात. सुरुवातीचे सात पदार्थांचे वर्गीकरण आजच्या वाचकाला रुक्ष वाटेल. अनुमानखंडापासून मात्र डिबगिंग करणाऱ्याने कान टवकारावेत.

‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे’ हे अनुमान सर्वांना माहीत आहे. ते व्याप्तीवर, म्हणजे जिथे धूर तिथे अग्नी या नियमावर, उभे आहे. हेच उलटे करून ‘धूर आहे, कारण अग्नी आहे’ म्हटले तर ते फसते, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. या लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. आता ‘विनंतीची मुदत संपल्याची नोंद लॉगमध्ये आहे, म्हणून बिघाड नेटवर्कमध्ये आहे’ हे विधान तपासा. नेटवर्क धडधाकट असताना डेटाबेसातले कुलूप न सुटल्यानेही तीच नोंद येते. म्हणजे जिथे साध्य (जे सिद्ध करायचे ते) नाही तिथेही हेतू (दिलेले कारण) आढळतो. हा सव्यभिचार नावाचा हेत्वाभास, म्हणजे फसवे कारण, झाला. ‘हा प्रोग्रॅम चालवला की मेमरी संपते’ हे खरे असले तरी ते ठरावीक आकाराच्या फाइललाच लागू असेल, तर तो आकार ही उपाधी. हेत्वाभासांचे पाच प्रकार एकदा नीट समजले की सहकाऱ्याच्या (आणि स्वतःच्या) निदानात नेमके काय बिनसले आहे ते नाव घेऊन सांगता येते.

एक सावधगिरी. भारतीय तर्क आणि व्याकरण यांचा विषय निघाला की ‘संगणकासाठी सर्वांत योग्य भाषा संस्कृत, असे सिद्ध झाले आहे’ हे वाक्य कुठून तरी येतेच. त्याचे मूळ रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या एका लेखात आहे. तो लेख ज्ञानाची मांडणी यंत्राला कळेल अशी कशी करावी याबद्दल आहे आणि शास्त्रीय संस्कृतातल्या वाक्यविश्लेषणाची पद्धत त्या मांडणीशी जुळते असे त्यात दाखवले आहे. संस्कृतात प्रोग्रॅम लिहावेत असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांची रचना आणि प्रोग्रॅमिंग भाषांचे व्याकरण लिहिण्याची बॅकस यांची पद्धत यांतले साम्य मात्र खरे आहे. १९६७ साली पीटर इंगरमन यांनी त्या पद्धतीला पाणिनी-बॅकस असे नाव द्यावे, असे सुचवलेही होते. अष्टाध्यायीकडे वळायचेच असेल तर सूत्रे एकमेकांना कशी बाध करतात, कोणते कोणाआधी लागते, हे पाहण्यासाठी वळावे. अभिमान वाटावा म्हणून वाचलेले पुस्तक क्वचितच पुरे होते.

दोन_ओळी

जोसेफ वायझेनबाउम यांचे ‘कंप्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ (१९७६) कोणी सुचवले नाही, म्हणून सुचवतो. १९६६ साली ‘एलायझा’ हा संभाषण करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने, आपल्याच सचिव बाईंनी त्या प्रोग्रॅमशी खासगीत बोलता यावे म्हणून आपल्याला खोलीबाहेर जायला सांगितल्याचे पाहून, यंत्राकडून कोणती कामे करवून घेता येतील याऐवजी कोणती करवून घेऊ नयेत यावर हे पुस्तक लिहिले आहे. सर्ल यांच्या निबंधानंतर ते घ्यावे.

कोरी_पाटी

सर्वांचे आभार. नावे इतकी आली की पुन्हा यादीच तयार होते की काय असे वाटले, म्हणून दोनच निवडली आहेत: पेट्झोल्ड यांचे ‘कोड’ आणि रसेल यांचे ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’. दोन शंका आहेत. ‘कोड’ची जुनी आवृत्ती सहज मिळते आहे, ती चालेल का? आणि पुस्तक कंटाळवाणे वाटले तर किती वाट पाहून सोडावे?

पूर्वपक्ष

‘कोड’ची पहिली आवृत्ती १९९९ ची आणि दुसरी २०२२ ची आहे. निवड असेल तर दुसरी घ्यावी, कारण प्रोसेसरची बांधणी तिच्यात अधिक तपशिलाने येते. पण पहिलीच हाती असेल तर दुसरीसाठी थांबू नये, कारण आरंभीच्या प्रकरणांचा गाभा तोच आहे. फीडबॅक आणि फ्लिप-फ्लॉपचे प्रकरण येईल तेव्हा मंडलाची आकृती स्वतः काढून प्रत्येक तारेवर शून्य की एक ते पेन्सिलीने लिहावे. नुसते वाचून ते कोणालाही कळत नाही.

रिकामा_रकाना

सोडण्याबद्दल: पुस्तक कंटाळवाणे आहे की अवघड, हे आधी ठरवावे. ज्या पानावर अडलात त्या पानावरचा दावा स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहिता येत असेल आणि तरीही पुढे जावेसे वाटत नसेल, तर खुशाल सोडावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर चार पाने मागे जाऊन पुन्हा वाचावे. रसेल यांच्या पुस्तकात अशी वेळ बहुधा आठव्या प्रकरणात, कांटपाशी येते. तिथे अडल्यास नववे व दहावे प्रकरण तात्पुरते बाजूला ठेवून बाराव्यावर, सत्य आणि असत्य यांच्या प्रकरणावर, जावे. ते स्वतंत्रपणेही समजते. शिवाय हे पुस्तक जालावर मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे आधी पहिले प्रकरण वाचून मगच छापील प्रत घ्यायची की नाही ते ठरवावे.

अर्धविराम

एबल्सन आणि सस्मन यांचेही संपूर्ण पुस्तक जालावर मोफत वाचायला मिळते, आणि २०२२ साली त्याची जावास्क्रिप्टमधली आवृत्तीही आली आहे. पायथन येणाऱ्याला ती वाचायला मूळ पुस्तकातल्या स्कीम या भाषेपेक्षा सोपी जाईल. तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोहोचलात की पीटर-पॉलच्या खात्यांचे उदाहरण पायथनमध्ये स्वतः लिहून पाहावे आणि ‘इज’ (is) आणि ‘दोनदा बरोबर’ (==) ही दोन चिन्हे तिथे वेगवेगळी उत्तरे केव्हा देतात ते तपासावे. काय आढळले ते इथे लिहिलेत तर पुढे बोलता येईल.